आदराने, दहा पावलं मागून

सोमवार, ६ जानेवारी २०२५. दुपारी.

आज आयुष्यात पहिल्यांदा अंडी विकत घेतली. सहा. मी खात नाही, पण प्रसंगच तसा आला.

आमच्या बिल्डिंगखाली जिम आहे. तिथे उत्कर्षा नावाची मुलगी येते. मूळची लोणी काळभोरची, नोकरीला इथे वारज्यात. महिलांच्या बॉडीबिल्डिंगमध्ये जिल्ह्यात पहिली आली, असं जिमच्या दारावरच्या फ्लेक्सवर लिहिलंय. व्यायाम आटपून बरोबर सात दहाला ती शेजारच्या साईनाथच्या दुकानात अंड्यांचा ट्रे घेते. मी दुधाला गेलो होतो. दोन पोरगेलेसे बाप्ये मोबाईल काढून तिचे पाठमोरे फोटो घेत होते. मी म्हटलं, अहो, त्यांना विचारलंत का? ते निमूट गेले. ती म्हणाली, थँक्यू काका. मग नुसतंच उभं राहणं बरं दिसेना, म्हणून अंडी.

घरी आल्यावर विचार केला. अशा खेळाडूशी चारचौघांत कसं वागावं, हे कोणीतरी वागून दाखवायला हवं. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. लोकांशी कसं वागावं ते मला कोणी शिकवायला नको. नियम केले.

१. फोटो नाही.
२. बोलताना चेहऱ्याकडे बघायचं, दंडांकडे नाही.
३. लग्न, आईवडील, घरचे काय म्हणतात, हे विचारायचं नाही.
४. खाण्यापिण्याचा आग्रह नाही.
५. हात लावायचा नाही.
६. थोडक्यात आटपायचं.

भिंतीवर लावावे असं मनात होतं. पण घरात वाचायला आहे कोण? बायको कौशल्या गेल्याला चौदा महिने झाले. मूलबाळ नाही.

शुक्रवार, १० जानेवारी.

आज सात मिनिटं बोलणं झालं. पूर्ण वेळ चेहऱ्याकडे बघितलं. इतकं की ती म्हणाली, काका, माझ्या तोंडाला काही लागलंय का? नियम दोन उत्तम पाळला गेला.

नियम तीनला किंचित धक्का लागला. वडील काय करतात, एवढंच विचारलं. शेती. मग ओघात, लग्नाचं काही चाललंय का? ती हसली आणि ट्रे उचलून निघाली. हा प्रश्न मी जिज्ञासेपोटी विचारला नव्हता, काळजीपोटी विचारला होता. त्यामुळे मोजत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

तिळगूळ दिला. ती म्हणाली, मार्चमध्ये स्पर्धा आहे, साखर-गूळ बंद आहे. मी म्हटलं, सणाला नाही म्हणू नये, एक तीळ तरी तोंडात टाका. तिने लाडवावरचा एक तीळ नखाने सोलून काढला आणि खाल्ला. लाडू साईनाथला दिला. साईनाथने तो दोन घासांत संपवला, माझ्याकडे बघत.

एक तीळ म्हणजे आग्रह नव्हे. नियम चार शाबूत.

फ्रिजमध्ये आता चोपन्न अंडी. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या शकूबाईंनी विचारलं, "काका, ही उबवायला ठेवलीत व्हय?" त्यांना म्हटलं, सगळी घेऊन जा. त्यांनी आठवड्याचा हिशेब करून पुढच्या वेळी पिशवीच मोठी आणायचं ठरवलं आहे.

गुरुवार, २३ जानेवारी.

नळ गळत होता, म्हणून खाली पोचायला सव्वासात झाले. ती निघालीच होती. मला बघून थांबली आणि म्हणाली, "काका, आज उशीर?"

हे नीट लिहून ठेवतो. मला उशीर झाला, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. कौशल्या असताना भाजी आणायला दहा मिनिटं जास्त लागली तरी ती गॅलरीत येऊन उभी राहायची. त्याचा मला राग यायचा. ती गेल्यापासून मी सातला उठलो काय आणि अकराला उठलो काय, सगळं सारखंच. आज एका माणसाने दुकानात उभं राहून माझी वेळ मोजली.

घरी आल्यावर डोळ्यांत पाणी आलं. रात्री नळामुळे झोप झाली नव्हती, त्याचा परिणाम असावा.

रविवार, २ फेब्रुवारी.

नवी जबाबदारी स्वीकारली. दुकानापासून तिची स्कूटर लावलेली असते तिथपर्यंत लोक फार बघतात. वळून वळून बघतात. म्हणून मी दहा पावलं मागून चालतो. बरोबरीने चाललो तर सलगी वाटेल. दहा पावलं म्हणजे आदर.

तिने दोनदा मागे वळून बघितलं. दोन्ही वेळा मी फ्लेक्सवरचा मजकूर वाचत असल्याचं दाखवलं. संरक्षण करणाऱ्याने स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ नये.

रविवार, ९ फेब्रुवारी.

दुकानात गर्दी होती. एक गृहस्थ तिच्या दंडाकडे टक लावून बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की, या जिल्ह्याच्या विजेत्या आहेत, यांच्याकडे असं टक लावून बघणं सभ्यपणाचं नाही. तोपर्यंत बघणारे एकच होते. त्यानंतर अकरा जणांनी बघितलं. समोरच्या मेडिकलमधून दोघे बाहेर येऊन बघून गेले. एक बाई पुढे होऊन म्हणाल्या, अगंबाई, हे खरे आहेत का, आणि दंड दाबून बघितला.

 उत्कर्षा अंडी न घेताच गेली. घाईत असेल.

समाजप्रबोधनाला वेळ लागतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

ती आठवडाभर दुकानात दिसली नाही. जिमचे ट्रेनर अभय यांना विचारलं. ते म्हणाले, आहे की, पहाटे साडेपाचला येऊन जाते हल्ली. स्पर्धा दोन मार्चला, बिबवेवाडीच्या एका हॉलमध्ये. पहिल्या तिघींची राज्याच्या संघात निवड होणार. आठ महिने झाले, तिने भात आणि साखर सोडली आहे. घरचे बोलत नाहीत. वडिलांनी सांगितलंय, राज्याच्या संघात गेलीस तर पुढचं बघू, नाहीतर हे बंद. अभय म्हणाले, काका, ही तिची शेवटची संधी आहे हो.

ऐकून फार वाईट वाटलं. घरचं कोणी नसेल, तर कोणीतरी असायला हवं. गजर पाचचा लावला.

बुधवार, २६ फेब्रुवारी.

पाचच्या गजराला नऊही दिवस उठलो. पण खाली जाईपर्यंत ती आत गेलेली असते आणि बाहेर येते तेव्हा मला जिन्यात डुलकी लागलेली असते.

ठरवलं. सत्कार करायचा. रीतसर, शाल-श्रीफळ देऊन. कौशल्याच्या कपाटातून तिची शाल काढली. महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, तेव्हा मिळालेली. मोतिया रंगाची, बारीक जरीकाठाची. आमच्याकडे आलेल्या शाली पुढे कोणाला तरी द्यायची पद्धत. पण ही तिने दिली नाही, वापरलीही नाही. म्हणायची, चांगल्या प्रसंगाला ठेवलीय. चांगला प्रसंग काही आला नाही. आता आला.

रविवार, २ मार्च. संध्याकाळी.

हॉलवर तीनलाच पोचलो. आतल्या बाजूला खेळाडूंशिवाय कोणाला सोडत नव्हते. दारावरच्या मुलीला सांगितलं, मी काका. हे काही खोटं नाही. उत्कर्षा मला काकाच म्हणते.

उत्कर्षा एका कोपऱ्यात दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होती. अंगभर गडद तपकिरी रंग लावलेला. स्टेजच्या दिव्यांत स्नायू दिसावेत म्हणून तो लावतात, असं मागाहून कळलं. मला बघून ती दचकली. मी म्हटलं, दोनच मिनिटं. शाल उघडली. ती म्हणाली, काका, नको. मागे सरकली. पुन्हा म्हणाली, नको, प्लीज.

आता, सत्काराला प्रत्येक जण आधी नकोच म्हणतो. मी खात्यात निदान तीस सत्कार बघितले आहेत. नको, नको, कशाला, असं म्हटल्याशिवाय तो सत्कारच वाटत नाही. खुद्द कौशल्या तीनदा नको म्हणाली होती. म्हणून मी पुढे होऊन शाल खांद्यांवरून नीट लपेटली. हात लावला नाही. फक्त शाल लावली.

तिने शाल काढून माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, गहिवरली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

चौथी आली. परीक्षकांना काही कळत नाही. पाठीवर पट्टे पट्टे दिसत होते, पण ते दिव्यांमुळे.

सोमवार, ३ मार्च.

शकूबाईंनी शाल धुवायला उलगडली आणि पलंगावर पसरून बघतच राहिल्या. आतल्या बाजूला तपकिरी डाग. दोन खांदे, मध्ये पाठ, अगदी स्वच्छ उमटलेले. शकूबाईंनी विचारलं, हे कोणाचं अंग हाय? मी सांगितलं, हवा फार दमट होती काल.

काल पुण्यात अजिबात दमट नव्हतं.

जेवण गेलं नाही.

बुधवार, ५ मार्च.

सकाळी सात दहाला ती दुकानात होती. माझी वाट बघत होती. साईनाथने आपणहून स्टूल बाहेर काढून दिलं आणि आत निघून गेला.

"काका, मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

मी सांगितलं की, सत्काराला सगळेच तसं म्हणतात.

"मी खरंच नको म्हटलं होतं."

खिशातून नियमांचा कागद काढून दिला. म्हटलं, बघा, मी पहिल्यापासून किती विचार करून वागत आलो आहे. तिने सहाही नियम वाचले, सावकाश. कागद होता तसा घडी करून परत दिला आणि म्हणाली, छान आहेत.

मग म्हणाली, "तुम्ही वाईट माणूस नाही, म्हणून सांगायला जड जातंय. ते फोटोवाले एकदा येतात आणि जातात. तुम्ही रोज असता. मला सकाळी फक्त अंडी घ्यायची असतात."

मी विचारलं, वडील काय म्हणाले? हा प्रश्न विचारायला नको होता. नियम तीन. ती म्हणाली, व्हायचं ते झालं. बिबवेवाडीच्या एका जिममध्ये लहान मुलींना शिकवायचं काम मिळालंय, तिथेच व्यायामही करीन, घरी काही सांगणार नाही. उद्यापासून इकडे येणार नाही.

जाताना नमस्कार काका म्हणाली. तेवढंही म्हणायची काही गरज नव्हती.

शनिवार, ८ मार्च.

शाल ड्रायक्लीनवाल्याकडे नेली. तो म्हणाला, रंग उतरेल पण थोडी छटा राहील, जोर लावला तर कापड विरेल. शाल परत आणली. घडी घालून कौशल्याच्या कपाटात ठेवली, डागांची बाजू आत करून.

मग कपाटासमोर बराच वेळ बसून राहिलो. कौशल्या तीनदा नको म्हणाली होती, ते आठवलं. तिला खरंच नको होतं का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. टाळ्या वाजवत होतो.

मंगळवार, ११ मार्च.

माफी मागायला बिबवेवाडीला जायचं ठरवलं. आदरपूर्वक, दोन मिनिटांत. जिमचं नाव अभय यांनी सांगितलं नाही, पण बिबवेवाडीत जिम असून असून किती असणार? वारज्याहून बसने स्वारगेटला पोचलो. तिथे बिबवेवाडीची बस लागलेलीच होती. कंडक्टर म्हणाले, काका, येताय का? सुटतीय.

एक पाय पायरीवर ठेवला होता. तेव्हा मनात आलं, मी गेलो की तिला पुन्हा जिम बदलावी लागेल. पुणं मोठं आहे, पण एका मुलीने किती ठिकाणी जायचं?

पाय खाली घेतला. कागदावर सातवा नियम लिहिला: समोर न जाणे. फोटोचा सोडला, तर आधीच्या सहांतला एकही मी नीट पाळला नव्हता. हे लिहायला आज पहिल्यांदा जमलं.

बाकावर बसून चार बस जाऊ दिल्या आणि घरी आलो.

सोमवार, १७ मार्च.

सात दहाला खाली गेलो नाही. मुद्दाम साडेआठला गेलो. साईनाथने सवयीने सहा अंडी कागदात बांधली. मी म्हटलं, नको. त्याने ती परत ट्रेमध्ये ठेवली आणि दुधाची पिशवी पुढे केली. पुन्हा विचारलं नाही, आग्रह केला नाही.

इतकंच असतं ते. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

दूध घेऊन जिन्यात थोडा बसलो. वर यायला सव्वानऊ झाले. गॅलरीत कोणी नव्हतं. आज बराच उशीर झाला.