हिरव्या ठिपक्यांचा संप

लिएज,
मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय लुदिवीन,

तू बरी असशीलच. ब्रसेल्सच्या तुमच्या त्या संस्थेत हीटर उत्तम चालतात आणि कॉफी फुकट मिळते म्हणे, मग बरं नसायला काय झालं. मीही बरा आहे. म्यूज नदीचं पाणी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर चढलंय आणि आमच्या तळमजल्यावरचा म्हातारा दिवसभर वाळूच्या गोण्या इकडून तिकडे करत असतो. आईने तुला विचारलंय. तिला अजून वाटतं की तू एखाद्या रविवारी जेवायला येशील. क्षेमकुशल एवढं पुरे.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. माझं कंपनीच्या कामाचं मशीन स्वयंपाकघरातल्या कपाटात, बटाट्यांच्या पिशवीमागे ठेवलंय. दोन दिवसांची रजा टाकलीय. का ते पुढे येईल.

आधी तुझ्या वाक्याबद्दल. काल संपानंतरच्या वाटाघाटींना आमच्या विमा कंपनीच्या संचालक बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. नादेज तिथे होती. तीच गं, शेजारच्या गटातली, माउस हलता राहावा म्हणून तो ग्रामोफोनच्या तबकडीवर ठेवून स्वतः केस धुवायला जाते ती. तिने मला ते शब्दन् शब्द ऐकवलं: "घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये सामूहिक कृतीची प्रेरणा क्षीण आढळते, संपाच्या दिवशी बहुसंख्य कर्मचारी पहिल्या तासाभरातच स्वेच्छेने कामावर परतले." वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "हे आम्ही नाही म्हणत हं, विद्यापीठ म्हणतंय."

झालं. आमची एकच मागणी होती: हात थांबला की पडद्यावर आमच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा करणारी आणि पिवळ्या मिनिटांचा हिशेब वरिष्ठांना कळवणारी ती व्यवस्था काढून टाका. एका वाक्यात तिचं वाटोळं झालं. आणि हा तुमचा म्हणे नुसता कच्चा मसुदा! पक्का शुक्रवारी मांडणार आहात, सगळ्या युरोपातून आलेल्या सुटाबुटातल्या लोकांपुढे. मग ते टाळ्या वाजवतील आणि छोट्या छोट्या बशांतून काहीतरी खातील.

"क्षीण!" कुठून आणलास गं हा शब्द? तुझा नाहीच तो. माझ्याशी भांडताना तू कधी असले शब्द वापरले नाहीस. द ग्रोटचा आहे तो, तुझ्या थोर प्राध्यापकाचा. घरून काम या विषयावर त्या माणसाने तीन पुस्तकं लिहिली, आणि त्याचं स्वतःचं घर एवढं मोठं की कामाच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला त्याला कोट घालावा लागत असेल. छत गळतंय म्हणून रडणाऱ्या बाईचा फोन त्याने जन्मात एकदा तरी घेतलाय का? तिचं रडणं संपेपर्यंत कीबोर्डवर उगाच एक बोट दाबत बसलाय का, ठिपका पिवळा पडू नये म्हणून? मी बसतो. विमा कंपनीचा फोन उचलायला अक्कल लागत नाही असं तो वर्गात म्हणाला होता, आठवतं? खरंय, अक्कल लागत नाही. बोट लागतं.

तोंडी परीक्षेत त्याने मला विचारलं होतं, "कामगाराची स्वायत्तता म्हणजे काय?" मी म्हटलं, "सर, तुमच्या हाताखाली सहाजण फुकटात राबतात, त्यांना विचारून सांगतो." त्याने पेन खाली ठेवलं, मी दार आपटलं. कॉलेज तिथेच संपलं. आई म्हणते, जीभ आवरली असतीस तर आज माणसांत असतास. बाहेर व्हरांड्यात तू उभी होतीस, तुझा नंबर माझ्यानंतरचा. मी बाहेर आलो आणि तू आत गेलीस. जायलाच हवं होतं तुला, मला कळतं. तरी.

असो. नोव्हेंबरात तू मुलाखत घ्यायला आलीस, त्या दिवसाबद्दल मी कधी बोललो नाही. तुझा फोन आला तेव्हा मी शर्टाला इस्त्री केली. हो, मी. स्टेशनाजवळच्या त्या कॅफेत तू आलीस, माझ्या गालाला गाल लावलास, "कसा आहेस रे वेड्या?" म्हणालीस. मग ते छोटं यंत्र टेबलावर ठेवून बटण दाबलंस, आणि तुझा आवाजच बदलला.

"तुम्ही आपल्या कामाबद्दल कितपत समाधानी आहात?"

मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतेय म्हणून. तू हसली नाहीस. तुमच्या संशोधनाची ती शिस्तच आहे, असं नंतर सांगितलंस. यंत्र चालू असताना ओळख दाखवायची नाही. मी तासभर "तुम्ही" होऊन बसलो. काय उत्तरं दिली देव जाणे. तू कुठला प्रश्न विचारतानाही वर बघत नव्हतीस, म्हणून मी तुझ्या केसांतला भांग बघत होतो.

आता संपाबद्दल. तुझ्या मसुद्यात तक्ते असतील, वक्ररेषा असतील. काय घडलं ते नसेल. म्हणून लिहितो.

संपाची हाळी दिली फिर्मीनने. आमचा युनियनचा प्रतिनिधी, आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेलं, तो बंद पडल्यावर आमच्या कंपनीच्या टपालखोलीत आलेला. त्याला संप म्हणजे एकच ठाऊक: फाटक अडवायचं, लाकडी फळ्या पेटवून शेकोटी करायची आणि आत जाणाऱ्याला लाजवायचं. आम्ही त्याला समजावलं. नादेज म्हणाली, "कॉम्रेड, त्या इमारतीत कुणी जातच नाही हो आता. आम्ही सगळे घरी असतो."

"मग फाटकावर कोण उभं राहणार?"

"कुणीच नाही."

"हॅट! फाटकाशिवाय संप असतो का कुठे? मग काय घरच्या न्हाणीत करायचा?"

शेवटी असं ठरलं की फिर्मीनने त्याच्या दोन म्हाताऱ्या दोस्तांना घेऊन फाटक धरायचं आणि आम्ही कुणी मशीन उघडायचं नाही. आठ वाजता सगळे ठिपके राखाडी, म्हणजे मशीनं बंद. कुणाचा ठिपका कसा आहे ते फोनवर दिसतं, आणि फोनवरून नुसतं बघितलं तर स्वतःचा उजळत नाही, त्यामुळे एकमेकांवर नजर ठेवता येणार होती. आमच्या गटातल्या प्रत्येकाला फोन करून मी शपथा घातल्या. "जो उघडेल त्याच्या तोंडावर थुंकेन," असंही म्हणालो. मीच म्हणालो.

गुरुवारी आठ वाजता सगळे आपापल्या घरी, हातात फोन घेऊन, सगळ्यांचे ठिपके बघत. सगळे राखाडी. मग आमच्यातला एक ठिपका हिरवा झाला.

तो कुणाचा ते तुला ठाऊक आहे. त्याच्यावर नंतर येतो.

नादेजने बघितला. तिने आणखी दोघींना फोन केला. त्या म्हणाल्या, म्हणजे फुटलं की काय? एक हिरवा, मग तीन, मग अख्खी ओळ. संपात राहिलेला शेवटचा मूर्ख आपण ठरू नये, एवढीच प्रत्येकाला भीती. नऊच्या आत सगळा पडदा हिरवागार. शेजारी कुणी असता तर एकमेकांचा दंड धरून थांबवलं असतं. आपापल्या स्वयंपाकघरात दंड कोण धरणार? हे तुझ्या कुठल्या वक्ररेषेत आहे?

आणि फाटकावर! फिर्मीनकडे बटणांचा जुना फोन, त्याला ठिपके दिसतच नाहीत. लाल जॅकेट घालून तो शेकोटीशी उभा. कचऱ्याची गाडी आली, थांबली, ड्रायव्हरने एकजुटीचा हॉर्न वाजवला आणि निघून गेला. पोस्टमन आला, त्याला यांनी घोटभर दारू पाजली. दुपारी मी तिथे पोचलो तर म्हाताऱ्याने मला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी. "पोरा, शंभर टक्के! माझ्या जन्मात असा संप बघितला नाही. एक, एक माणूस आत गेला नाही!"

मी त्याच्या पाठीवर थोपटलं.

माझ्यामागून नादेज आली, तिनेच त्याला सांगितलं. त्याने एक फळी पायाने शेकोटीत सारली. मग म्हणाला, "हिरवा ठिपका. हिरवाच असणार." दुसऱ्या युनियनची जॅकेटं हिरवी असतात, त्यामुळे त्याचा त्या रंगावर आधीपासूनच राग. कुणी हसलं नाही. मग नादेज माझ्याकडे वळली.

"का रे, थुंकणाऱ्या? सगळ्यात आधी तूच कसा गेलास आत?"

मी सांगितलं, मशीन बिघडलंय, आपोआप चालू झालं. ती म्हणाली, "माझा नवराही असाच बिघडायचा." फिर्मीन मात्र माझ्या बाजूने उभा राहिला. "पोराचं मशीन खराब असेल. या मशीनांचा काय भरवसा?" त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. नादेजची शिवी परवडली असती.

आज दुपारी मी त्याला फ्राइजच्या दुकानात घेऊन गेलो आणि खरं सांगितलं. तुला सांगायच्या आधी त्याला सांगितलं, कारण तो समोर बसतो आणि यंत्र लावत नाही.

खरं असं आहे. संपाच्या आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "कंपनीने मला तुमच्या ठिपक्यांच्या पडद्यावर पाहुणी म्हणून जागा दिलीय, उद्या मीही आतून बघणार आहे." मी फोन ठेवला आणि त्यातलं एवढंच डोक्यात राहिलं: उद्या तू तिथे असणार. आठ वाजता मी फोनच्या पडद्यावर बघितलं. सगळे राखाडी, आणि सगळ्यात खाली, पाहुण्यांच्या ओळीत, एकच हिरवा. लुदिवीन. नोव्हेंबरापासून माझ्या संदेशांना तू दोन शब्दांत उत्तरं देतेयस, आणि तिथे त्या सगळ्या ओसाड पडद्यावर तू आणि मी. मला वाटलं, आत्ता कुणी नाहीये. पटकन एक नमस्कार लिहू, पटकन बंद करू. मी मशीन उघडलं आणि लिहिलं, "मी आहे इथे."

तुझं उत्तर लगेच आलं. "तुम्ही संपावर नाही आहात का?"

तुम्ही!

मी त्या दोन ओळींकडे बघत बसलो. बंद करायचं विसरलो. शुद्धीवर आलो तोवर पडदा हिरवा झाला होता.

हे ऐकून फिर्मीनने काट्याला टोचलेला मांसाचा गोळा तसाच सॉसमध्ये ठेवला. "म्हणजे आम्हाला कंपनीने नाही फोडलं? थंडीने नाही, मालकाने नाही? एका पोरीने?"

"तिने काही केलं नाही. मीच गेलो."

"मग तिला तेच लिहायला सांग. संशोधन करते ना ती?"

मी म्हटलं, असलं तुमच्या अहवालात बसत नाही. तो म्हणाला, "बसत नाही तर तो अहवाल कशाचा आहे?" आणि माझ्याही वाटचे फ्राइज खाऊन टाकले.

परवा, गुरुवारी, पुन्हा संप. यावेळी सगळे फाटकावर येणार, स्वतःच्या पायांनी, त्या रिकाम्या इमारतीपुढे. बंद केलेली मशीनं पिशवीत घालून आणायची आणि फिर्मीनच्या व्हॅनमध्ये ठेवायची, म्हणजे कुणाला मोह नको. माझं बटाट्यांमागे आहे ते यासाठी. नादेज ग्रामोफोन आणणार आहे. म्हणते, यावेळी त्याच्यावर गाणी लावू. मी पहिला ठिपका होतो आणि का होतो, ते मी सगळ्यांपुढे सांगणार आहे. नादेज काय करेल ते करेल.

तुझ्याकडे एकच मागणं. शुक्रवारच्या आत ते वाक्य काढ. नाहीच काढता आलं, द ग्रोटने डोळे वटारले, तर त्याखाली माझं नाव छाप. तुमच्या नियमानुसार मी निनावी आहे ना? तो नियम माझ्यापुरता मी मोडतो. लिही: पहिला परतला तो लोईक रेनसों, कामावर परतला नव्हता, एका मुलीला नमस्कार करायला गेला होता, बाकीचे त्याच्याकडे बघून घाबरले. नोकरी जाईल माझी. जाऊ दे. पण बाकीच्यांना क्षीण म्हणू नकोस.

एक कबूल करतो. "स्वेच्छेने" हा शब्द एका माणसापुरता बरोबर आहे.

गुरुवारी आलीस तर शेकोटीपाशी जागा आहे. यंत्र आणू नकोस. मला "तू" म्हणायचं असेल तरच ये. "तुम्ही" म्हणायचं असेल तर ब्रसेल्सहून फोन कर, मी कंपनीच्या आवाजात उत्तर देईन.

आईचे आशीर्वाद. माझं काय ते तुला कळलंच आहे.

ज्याचा ठिपका आता राखाडी आहे तो,
लोईक