मास्तर मागे राहिले

आदरणीय मास्तर यांना,

सव्वीस वर्षं एसटीत तुमच्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा, आज तोंड वळवून केलेला नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचं बी.पी.? डाव्या कानाने ऐकू यायला लागलं, की अजून सोयीचं तेवढंच ऐकता? मी अगदी मजेत आहे. एकटं राहायची इतकी सवय झालीय की आता घरी कुणी आलं तर अडचणच व्हायची. त्या दिवशी कंडक्टर या नात्याने तुम्ही गाडी सोडायची घंटा दिली होती की नव्हती, यावरून तुम्ही वर्षभर माझ्याशी बोलत नाही (माझ्या मते दिली होती, पण तो विषय नको). म्हणून मीही बोलत नाही. लिहायचं नाही असं मात्र आपलं काही ठरलं नव्हतं.

तर मी सहलीला आलोय. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊन नऊ तास बसून आलो. त्या गृहस्थाने उतारावर गाडी न्यूट्रल केली तेव्हा माझा उजवा पाय सीटखाली ब्रेक शोधत होता. लॉज बरा आहे. पण काल सकाळी चहाला बसलो, तर वेटर आला आणि माझ्या टेबलाच्या तीन खुर्च्या उचलून शेजारच्या कुटुंबाला देऊन गेला. विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? नसतो. तरी डोकं फिरलं. दोन केळी उचलली आणि तडक लॉजमागच्या जंगलात शिरलो. तिथे पाटी होती : धबधबा, दीड तास, सोपी वाट. सोपी कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं.

जंगल म्हणजे काय, तर इंजिनशेजारी बसावं आणि वरून कुणीतरी ओलं कांबळं टाकावं. वारा नावाला नाही. चष्मा पुसून घालेपर्यंत पुन्हा धुकं. सदरा पाठीला चिकटलेला, पायात डेपोचेच बूट. जळवा तर वाटेत हव्या तिथून विनातिकीट चढत होत्या, आणि त्यांना उतरवायला तुम्ही नव्हता. पुढे वाटेला दोन फाटे फुटले, तिथे मी थांबलो. तेवढ्यात मागच्या झाडीतून आवाज आला : टण्, टण्. मास्तर, शपथेवर सांगतो, माझा डावा पाय क्लचवर गेला! (क्लच नव्हता. चिखल होता.) कसलासा पक्षी होता, दिसला नाही. पण ठोके हुबेहूब तुमचे, दुसरा जरा दमदार. शहाणा माणूस हसला असता. मी निघालो. मग दोन ठोके झाले की चालायचो, एक झाला की थांबायचो. एकदा त्याने एकच दिला आणि गप्प बसला, तर मी जळवांच्या त्या थांब्यावर वीस मिनिटं उभा. अशी दोन तास गाडी हाकली. वर तोंडाची टकळी चालूच : मास्तर, चढ बघा, मास्तर, पाणी आहे का तुमच्याकडे? उत्तर येईना म्हणून मान वळवली. ड्रायव्हर मागचं आरशात बघतो, मान वळवत नाही, हे तुम्ही जाणता. मी वळवली. मागे कुणी नव्हतं. वाटही नव्हती. मटकन खाली बसलो. भीती वाटली, पण जंगलाची नाही. घरीही मागे वळलं की हेच असतं, मास्तर. मग एक केळं खाल्लं.

एवढ्यात लाकडांची मोळी घेऊन एक म्हातारी आली. बरोबर कोण आहे, म्हणून तिने विचारलं. मी सवयीने बोलून गेलो, मास्तर मागे राहिलेत. झालं! तिने मोळी धाडकन खाली टाकली. ‘‘अहो, माणूस मागे टाकून पुढे येतात होय? आणि या वयात?’’ आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ती जंगलाकडे तोंड करून ओरडायला लागली, ‘‘ओ मास्तर!’’ आता खरं सांगायची सोयच उरली नाही. मीही ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग आम्ही दोघं मोळीवर बसून तुमची वाट बघत राहिलो. दुसरं केळं तिला दिलं. शेवटी मी म्हणालो, ते यायचे नाहीत, माझ्यावर रागावलेत. ती म्हणाली, ‘‘मग तुम्हीच काहीतरी केलं असणार.’’ मोळी डोक्यावर घेतली, वीस पावलं चालली, एक झुडूप बाजूला सारलं, तर समोर लॉजची मागची बाजू! दोरीवर माझाच टॉवेल. मी गोल गोल फिरत होतो.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार. उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही.

तुमच्या पुढे बसणारा,
ड्रायव्हर

ता.क. धबधबा पाहिला नाही. कुणी विचारलं तर फार सुंदर होता.

ता.क. दुसरा : माझ्या नोकरीच्या शेवटच्या फेरीत तुम्ही त्या आजींची ट्रंक उतरवायला खाली गेलात, आणि मी तुम्हाला रस्त्यात सोडून गाडी काढली. चौकशीत सांगितलं, उतरता उतरता तुम्हीच डबल बेल दिली होती. तुमच्या चोख नोकरीवर तो एकच शेरा बसला. मास्तर, घंटा वाजली नव्हती. मला रडू फुटलं होतं, आरशात काही दिसेना, आणि तुम्ही वर येऊन बघायच्या आत मला तिथून निघायचं होतं. नंतर साहेबांपुढे ‘रडत होतो’ म्हणायची लाज वाटली. आज हे सगळं डेपोलाही लिहून रजिस्टर केलंय. पावती सोबत आहे.

ता.क. तिसरा : माझा इथला पत्ता घातलेलं एक कार्डही सोबत आहे. त्यावर काही लिहू नका, नुसती टिंबं काढा. दोन आली की मी तुमच्याकडे यायला निघतो. एक आलं तर थांबतो. काहीच आलं नाही तरी थांबतो. या वेळी घंटा वाजल्याशिवाय गाडी हलणार नाही.