पक्षी पाहायला गेलेले 'हे'

शनिवार, संध्याकाळ
मी संशयी नाही. देवासमोर बसून सांगते. पण ज्या माणसाला तीस वर्षांत चिमणी आणि कबुतर यातला फरक कळला नाही, तो सहा रविवार पहाटे उठून पक्षी पाहायला जातो? तेही इस्त्रीचा शर्ट घालून? आज शर्टाच्या खिशात सुकलेलं पिवळं फूल सापडलं. त्यांच्या ग्रुपला झाडंझुडपं दाखवणाऱ्या कॉलेजच्या बाई आहेत म्हणे. मी त्यांना फुलबाई म्हणते. मनातच.
उद्या मीही जाणार. संकल्प : भांडायचं नाही. अवाक्षर काढायचं नाही.

रविवार, पहाटे ५
मी चप्पल घातलेली पाहून ह्यांचा चेहराच पडला. म्हणाले, चिखल असतो, तुझे गुडघे दुखतील. म्हटलं, पक्षी देवाने सगळ्यांसाठी केलेत. गुडघ्यांची आठवण बरी आजच झाली!

सकाळी ७, तळ्याकाठी
दहा माणसं. सगळी कुजबुजतात. जिथे कुजबुज तिथे पाणी मुरतंच. फुलबाई साठीच्या, केस पांढरे, पायात गमबूट. दिसण्यावर जाऊ नये.
ग्रुपचे प्रमुख निवृत्त पोस्टमास्तर. माझं अक्षर पाहून नोंदवही माझ्याकडेच दिली. वेळ, जागा, काय दिसलं, किती वेळा, असे रकाने. मॅट्रिकला अक्षराचं बक्षीस होतं, ते आज कामी आलं.

८:३०
नोंद चोख चालू आहे. ह्यांनी फुलबाईंकडे पाहिलं : चार वेळा. त्यांनी ह्यांना कसलंसं पान चुरडून हुंगायला दिलं. ह्यांनी डोळे मिटून हुंगलं. माझ्या आमटीला कधी असे डोळे मिटले नाहीत.

९:१५
बाईंनी रानातली घोळ दाखवली, कच्ची खाता येते म्हणाल्या. ह्यांनी लगेच त्यांच्या हातून खाल्ली! मी फक्त एवढंच म्हटलं, की हीच मोरीमागे उगवते तेव्हा नाक मुरडता. थोडं मोठ्याने म्हटलं असेन. समोरच्या फांदीवरचा खंड्या उडाला. सगळे चाळीस मिनिटं त्याच्यासाठी श्वास रोखून बसले होते म्हणे. खरं बोललेलं ज्याला सोसत नाही, तो पक्षी काय कामाचा?
घोळ मात्र पिशवीभर घेतली. फुकट होती.

१०:३०
हे गायब. बाईही गायब! मी झुडपांमागे रांगत गेले. गुडघे फुटले. बाई पालथ्या पडून मुंगीएवढं फूल भिंगातून पाहत होत्या. दहा पावलांवर हे झाडाखाली, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, झोपू द्या हो वहिनी, दर रविवारी इथेच झोपतात, घरी पहाटेपासून घंटा आणि भांडी वाजतात म्हणतात.
विश्वास ठेवला नाही. अशा गोष्टी आधी ठरवून ठेवता येतात.

दुपारी १२
अनर्थ. पोस्टमास्तरांनी वही मागितली आणि सर्वांसमोर खणखणीत आवाजात वाचू लागले : सात दहा, बाकाजवळ, ह्यांनी बाईंकडे पाहिलं, एकदा. सात वीस, पुन्हा पाहिलं. सात पंचवीस, बाई हसल्या, दात दिसले.
पुढे त्यांनी वाचलं नाही, वही मला परत दिली. पानभर पक्षी एकही नव्हता. फुलबाईच सगळ्यात जास्त हसल्या. ही निर्लज्जपणाची हद्द, की मन साफ असल्याची खूण? विचार चालू आहे.

संध्याकाळी ६
घरी चहा घेताना ह्यांनी विचारलं, पक्षी किती पाहिलेस? म्हटलं, एकही नाही. वही चाळत म्हणाले, अगं, मी बाईंकडे चार वेळा पाहिलं, कबूल. आता तू माझ्याकडे किती वेळा पाहिलंस, तेही मोज की.
हिशेब म्हटला की मला राहवत नाही. वही ओढून घेतली आणि ह्यांच्यावरच्या नोंदी मोजल्या. त्रेसष्ट. खोडलेल्या दोन धरून पासष्ट.
आकडा सांगायला मान वर केली. हे खुर्चीतच घोरत होते.