उचललेला पेला

जीझान (सौदी अरेबिया),
१२ जानेवारी

फरहाना,

सलाम व दुवा. लाइबाचा खोकला गेला का? हे पत्र गावातल्या उल्हासच्या हाती देतोय, तो सुट्टीवर येतोय. फोनवर हल्ली कोण ऐकतं, सांगता येत नाही.

तुझा मुझम्मिल बरा आहे.

परवा कफीलच्या, म्हणजे माझ्या मालकाच्या घरी बैठक झाली. सरहद्दीपलीकडच्या, यमनमधल्या बंडखोरांचा एक म्हातारा आला होता आणि तिथल्याच सरकारी फौजेचा एक अधिकारी. दोघंही कफीलचे नातलग. आठ दिवस गोळीबार थांबवायचा, घाटातला रस्ता खुला करायचा, एवढंच बोलणं. कॉफी द्यायला मी होतो.

म्हाताऱ्याने पेला घेतला आणि तोंडाला न लावता खाली ठेवला. कफील तेव्हा अधिकाऱ्याशी हळू आवाजात बोलत होता. आपल्याकडे पाहुण्यासमोर गार चहा राहू देतात का? मी पेला उचलला, कॉफी ओतून टाकली, ताजी भरायला वळलो. म्हातारा उठला. त्याची माणसं उठली. अधिकारी "खलास" म्हणाला आणि गेला.

आत यमनी आचारी सालेह म्हणाला, "जमाल, तो पेला म्हणजे मागणं होतं. यजमान हो म्हणाला की मगच पितात. तू उचललास. म्हणजे नाही म्हणालास."

"मला काय माहीत?"

"चौदा वर्षं या देशात काय करत होतास?"

"अल खर्जला होतो. गाईंच्या गोठ्यावर."

"मग गाईंनी तरी शिकवायचं."

तो हसला नाही. कालपासून तोफा ऐकू येतायत.

फरहाना, मुझम्मिल बरा आहे की नाही, मला माहीत नाही. पाण्याचा टँकर घेऊन तो घाटापलीकडे गेला आणि मागे रस्ता बंद झाला. पाच दिवस फोन लागत नाही. तुझ्या नवऱ्याला, लाइबाच्या अब्बाला, इथं मीच बोलावून घेतलं.

म्हातारा का उठला, कफील सगळ्यांना विचारतोय. सालेह गप्प आहे. मीही. कबूल केलं तर बोलणी पुन्हा जुळतील कदाचित. पण माफी मागायला मलाच पाठवतील, त्याच घाटातून. दोनदा कफीलच्या दारापर्यंत गेलो. पाणी हवं का, विचारून परत आलो.

उल्हास अस्रच्या नमाजनंतर निघेल. त्याला म्हटलंय, मी कफीलच्या खोलीत शिरतो का ते बघ, मग गाडीत बस. मी शिरलो का, ते त्याला विचार. नाही म्हणाला, तर यापुढे मला भाईजान म्हणू नकोस.

अजून तरी तुझा भाईजान,
जमालुद्दीन