तिच्या हातची भाकर

शनिवार, ६ जून

पुन्हा दगड! वरून करपला, आतून कच्चा. सुरी टेकवली तर टक् असा आवाज आला.

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आणि भाकर माझ्याकडे. मंडळीत भाकर म्हणतात, आमच्या घरात आपला पावच म्हणायचो. इतकी वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी हिच्या हातचा गोल पाव प्रभूच्या मेजावर गेला. ही गेली. मे महिन्यात पाळकांनीच कुठून तरी सोय केली, आणि मग विचारलं, दुसऱ्या कोणाला सांगू का? मी म्हणालो, नको, मी करीन. का म्हणालो? तिची एक तरी गोष्ट चालू राहावी म्हणून. चारचौघांनी कौतुकानं पाहावं म्हणूनही असेल. खोटं कशाला लिहू.

ही कधी माप सांगायची नाही. हाताला कळतं, म्हणायची. माझ्या हाताला काही कळत नाही. वजनमापे खात्यात जन्म गेला आणि चिमूटभर म्हणजे किती, ते ठाऊक नाही.

शेवटी पिशवी घेऊन निघालो. पुलापलीकडच्या बेकरीत गेलो. तिकडे मंडळीतलं कोणी फिरकत नाही. बेकरीवाल्यानं मला पाहिलं आणि आतून सगळी वजनं आणून काउंटरवर मांडली. शिक्के ताजे आहेत साहेब, म्हणाला. पाव हवाय म्हटलं तर त्याला खरंच वाटेना. कपाटातला मोठा गोल पाव घेतला, पिशवीच्या तळाशी घातला, वर वर्तमानपत्र. चोर बरा.

रविवार, ७ जून

पहिल्या बाकावरच्या आजींनी उपासनेनंतर माझा हात धरून ठेवला. अगदी तिच्याच हातची चव, म्हणाल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ‘हं’ म्हणालो. एवढ्याशा ‘हं’मध्ये केवढं खोटं मावतं!

धाकटी रडली. धाकटी म्हणजे हिची बहीण. भाऊजी, ताई गेलीय असं आज वाटलंच नाही, म्हणाली.

भाकरीचं ताट बाकावरून फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी न घेता पुढे सरकवलं. लोकांना वाटलं, दुःख आहे, घास उतरत नसेल. दुःखाआड काय काय लपतं.

गुरुवार, ११ जून

प्रार्थनेला बसलो. उठलो.

रविवार, २१ जून

उपदेश चालू असताना डोळा लागला. कोपर मारणारं कोणी शेजारी नाही.

आमच्या घरात विश्वास ठेवायचं काम हिच्याकडे होतं. इस्त्री हिच्याकडे, तसं. मी तिच्या सायकलवर डबलसीट बसून मंडळीत जायचो. आजाऱ्याला भेटायला ती जायची, मी फाटकाशी उभा. जेवणाआधीची प्रार्थना ती म्हणायची, माझं लक्ष वाटीत.

परवाच कचेरीत शिपायावर विनाकारण ओरडलो. त्यानं फक्त विचारलं होतं, साहेब, डबा नाही आणला का?

आणि डॉक्टर. ही गेली त्या दिवशी ते म्हणाले, हृदय आज थकलेलं नाही, बरेच महिने त्रास असणार. तुम्हाला दिसलं नाही? आवाज साधाच होता. टोमणा नव्हता. त्यामुळेच तो प्रश्न जात नाही. एकाच घरात, एकाच टेबलाशी. दिसलं नाही.

तरी रविवार उजाडला की बूट घालतो. कशासाठी जातो, विचारलं तर सांगता येणार नाही. सोडून दे म्हटलं तर तेही जमत नाही.

शनिवार, ४ जुलै

सकाळी एक पाव वाया घालवला. संध्याकाळी पूल ओलांडला. बेकरीवाल्यानं पावाबरोबर दोन बन फुकट घातले. साहेबांसाठी, म्हणाला. मी ते काढून परत ठेवले. माझ्या खात्यात उरलेला प्रामाणिकपणा तेवढाच!

रविवार, ५ जुलै

पाळकांनी व्यासपीठावरून माझा उल्लेख केला. पत्नीची सेवा निष्ठेनं पुढे चालवणारे आपले काका. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी गीतपुस्तकाची पानं चाळत बसलो. ताट आजही पुढे सरकवलं.

बाहेर पडताना धाकटीनं गाठलं. ऑगस्टचा पाव करताल तेव्हा मी येते. ताई शिकवीन शिकवीन म्हणायची, ते राहूनच गेलं. आता तुमच्याकडून शिकते.

मी काय म्हणालो? ये म्हणालो!

बुधवार, २२ जुलै

रोज कामावरून आल्यावर एक. यीस्ट बदललं, पीठ बदललं, पाणी कोमट केलं, गरम केलं. शेजारचा कुत्राही आता हुंगून निघून जातो.

आज पेचकस घेऊन ओव्हनच्या मागे वाकलो होतो. वायर सुटली तर एक तारखेला धाकटीला सांगता येईल, बिघडलाय. स्क्रू अर्धा फिरला आणि मागच्या पत्र्यात माझाच चेहरा दिसला, लांबुळका, घामेजलेला. मग स्क्रू उलटा फिरवला. निष्ठावान काका!

शुक्रवार, ३१ जुलै

पाळकांकडे गेलो. ते उपासनागृहात एका बाकाचा हलणारा पाय ठोकत होते. मला म्हणाले, काका, जरा टोक धरा. मी टोक धरलं. त्यांचं डोकं बाकाखाली होतं म्हणूनच बहुधा मला सांगता आलं.

हातोडी थांबली. ते बाहेर आले, गुडघे झटकले, शेजारी बसले. मी विचारलं, आता मी यायचं बंद करू का?

“मग मी बोलायचं कोणाशी? रिकाम्या बाकांशी?”

मी म्हटलं, प्रभूचं भोजन मी बाटवलं.

“तेवढी ताकद तुमच्यात नाही, काका. ते तुमच्या मळण्यावर उभंच नव्हतं कधी.” मग म्हणाले, “पण लोकांना फसवलंत, ते फसवलंतच. धाकट्या मावशींना तुम्ही सांगायचं. तुमच्या वतीनं मी सांगणार नाही.”

निघताना त्यांनी प्रार्थना केली. मला दोन शब्द म्हणायला सांगितले. मी म्हणालो, प्रभू, मी. पुढे काही सुचलं नाही. आमेन त्यांनीच म्हटलं.

शनिवार, १ ऑगस्ट

धाकटी पीठ घरून घेऊन आली होती. एप्रन बांधला, बाह्या वर केल्या, परात पुढे ओढली. हं, सांगा भाऊजी, आधी काय?

आधी हेच, असं म्हणून सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. एप्रन सोडला, घडी घातली, घडी मोडून परत घातली.

“मी रडले त्या पावावर.”

हो, म्हणालो.

“ती जिवंत होती तेव्हा तुमचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. गेल्यावर तिच्या नावावर मोठेपणा घेतलात. आणि तोही विकतचा.”

यातलं एकही वाक्य खोडता येत नाही. पिठाची पिशवी टेबलावर तशीच राहिली. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

रविवार, २ ऑगस्ट

उपासनेच्या आधी उभा राहिलो. इतकी वर्षं या बाकावर बसतोय, पण तोंड उघडून असं कधी बोललो नव्हतो. म्हणालो, दोन महिने तुम्ही जी भाकर खाल्लीत ती बेकरीची होती. आजचीही आहे. मला करता येत नाही. तुम्ही कौतुक केलंत ते मी ठेवून घेतलं. क्षमा करा.

कोणी तरी खाकरलं. मग पहिल्या बाकावरच्या आजी शेजारणीला म्हणाल्या — आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत असावं — “चव चांगली होती हो पण.” मागे मुलं हसली. पाळकसुद्धा.

धाकटी पलीकडच्या रांगेत होती. समोर पाहत होती, शेवटपर्यंत. जाताना माझ्यासमोरून गेली, मी खांब असल्यासारखी.

सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. ताट आलं तेव्हा हात उचलला होता. धाकटीचं कालचं वाक्य आठवलं, खाली ठेवला.

रविवार, २३ ऑगस्ट

धाकटीचा अबोला. तिच्या घरी गेलो होतो. दार तिच्या यजमानांनी उघडलं. ती झोपलीय म्हणाले. आत तिचाच आवाज येत होता.

परत येताना वाटेत मोठ्यानं बोललो, रस्त्यात कोणी नव्हतं. म्हणालो, प्रभू, मी हा असा आहे. लक्ष न देणारा, मिरवणारा, चिडका. सुधारीन म्हणत नाही, कारण किती वेळा म्हटलंय. पण मला बाहेर काढू नकोस.

ही प्रार्थना होती की नव्हती, कोणास ठाऊक. डबलसीट नव्हतो एवढं खरं.

शनिवार, ५ सप्टेंबर

पाळक म्हणाले होते, पाव बेकरीतूनच आणा, पण उघडपणे आणा. म्हणून बेकरीवाल्याला आज पहिल्यांदाच सांगितलं, चर्चसाठी हवाय.

“मग त्या बाई तुमच्यातल्याच की! मनगटावर भाजल्याचा डाग असलेल्या. त्याही चर्चसाठीच न्यायच्या, वर्षभर. मळायला दम पुरत नाही म्हणायच्या. आल्या की त्या पोत्यावर टेकायच्या, धाप ओसरली की मग पाव घ्यायच्या. घरी कळू देऊ नका म्हणाल्या होत्या, मी कशाला कोणाला सांगतोय. बऱ्या आहेत ना आता?”

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली.

ती या पोत्यावर बसलेली असताना मी पुलाअलीकडे लोकांचे तराजू तपासत होतो.

हे धाकटीला सांगितलं तर ती उद्या माझ्याशी बोलेल. नाही सांगणार. तिची ताई तिच्याकडे आहे तशीच राहू दे.

हे एवढं मी लपवणार आहे, प्रभू. तुला तर ती केव्हाच सांगून बसली असेल.