जहाजाचे पिवळे कठडे

आप्पा,

तुमचं हातभर लाकडी जहाज अखेर कपाटावरून खाली काढलं. आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं तसंच होतं, डोलकाठ्या सरळ, शिडं तेवढी मळकट झालेली. डेकवर एका बाजूचा कठडा लावून झाला आणि तुम्ही गेलात, बाकी सगळं रिकामंच राहिलं. तुमची नात तेव्हा रांगत होती. आता ती मालवाहू जहाजावर नोकरीला लागली आहे, खऱ्याखुऱ्या समुद्रावर, आणि उद्या निघते आहे. कित्येक महिने घरी येणार नाही. मी गल्लीभर पेढे वाटले, सगळ्यांपुढे हसते आहे, आणि एकटी असले की नको नको ते मनात येतं. हात कशात तरी गुंतवायला हवे होते, म्हणून तुमचा डेक पुरा करायला घेतला.

ओट्यावर एकीकडे वरण शिजतं आणि दुसरीकडे माझा कारखाना. टूथपिकच्या टोकांच्या दोर अडकवायच्या खुंट्या, बांबूच्या तुकड्यांची पिंपं, त्यांना काळ्या कागदाच्या पट्ट्या, तांब्याच्या तारेचा नांगर. रंगवलेली प्रत्येक वस्तू टाचणीला टोचून अर्ध्या बटाट्यात उभी करते. तुम्ही यासाठी कणकेचा गोळा पळवायचात आणि आई चिडायची, "अहो, पोळीला टर्पेंटाइनचा वास मारतोय. उद्यापासून प्लांटच्या कँटीनलाच जेवा." तुम्ही मुकाट्याने तीच पोळी खायचात. मी पहिलं पिंप रंगवलं तेव्हा तुम्ही ते उजेडात धरून म्हणालात, "हा रंग आहे की लोणी? पूस. पातळ हात दे, वाळू दे, मग दुसरा दे." मी रडत रडत पुसलं होतं. अजूनही घाई झाली की ब्रशवर रंग जास्त येतो, आणि मग मी आपणहून तो बाटलीच्या काठावर निपटते.

त्या कठड्यावरून तर क्वार्टर्समध्ये तुमची किती चेष्टा झाली. एकलहऱ्याच्या विजेच्या प्लांटमध्ये हाताने धरायचं ते सगळं पिवळं, म्हणून तुम्ही जहाजाचा कठडाही पिवळाजर्द रंगवलात. शेजारचे काका म्हणाले, "जहाज आहे का बॉयलर?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "घसरणाऱ्या माणसाला आधी पिवळं दिसतं. मग तो कुठंही घसरो." परवा पोरगीही तेच म्हणाली, "मम्मी, शिडाच्या जहाजाला पिवळा कठडा नसतो गं, लाकडी रंग दे." तिला तुमचं बोलणं सांगितलं. माझ्या हातातला ब्रश घेऊन दुसऱ्या बाजूचा कठडा तिने स्वतः पिवळा केला. चांगला जाडजूड थापला हो. मी म्हटलं, हा रंग आहे की लोणी?

रंगवताना मला सारखा माझा सटाण्याला निघायचा दिवस आठवतो. शाळेतली पहिली नोकरी, तिथे खोली घेऊन एकटीने राहायचं. सगळी कॉलनी तुम्हाला सांगत होती, मुलीला एवढ्या लांब कशाला धाडता. तुम्ही स्टँडवर येता, बॅग वर ठेवता, मला खिडकीपाशी बसवता आणि म्हणता, "पोचलीस की कळव. नाहीच जमलं तर पोचली असं धरून चालतो." मला वाटलं, किती निवांत माणूस आहे हा. त्या निवांतपणाच्या जिवावर मी तिथे राहिले, अहिराणी बोलणाऱ्या पोरांना शिकवलं, आपल्या पायावर उभी राहिले. तुम्ही गेल्यावर खूप दिवसांनी आईने सांगितलं की त्या दिवशी तुम्ही जेवलाच नाहीत. ऊन बाधलं म्हणालात. पौषातली थंडी होती, आप्पा, नाशिकला कसलं ऊन बाधतं? तुमची भीती तुम्ही माझ्या बॅगेत भरली नाहीत, हे तुमचे माझ्यावर केवढे उपकार आहेत. तुम्ही होतात तेव्हा मला हे माहीतच नव्हतं, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं.

उद्या स्टेशनवर मलाही तसंच वागायचं आहे. जमेल की नाही, खरंच माहीत नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि घरात कुणी वाचलेलं मला चालणार नाही, तेव्हा लिहून झालं की फाडणार आहे. मघाशी पोरगी डेक निरखत होती. म्हणाली, "मम्मी, एवढ्याशा जहाजाला जीव वाचवायच्या चार होड्या? एक पुरते की." म्हटलं, "लाकूड उरलं होतं, केल्या." ती बरं म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

लाकूड उरलं नव्हतं, आप्पा. मुद्दाम जाऊन आणलं.