कडी लावली का?

मंगळवार, ४

तिसऱ्या हॉटेलनेही हाकललं! काउंटरवाल्याने आधार कार्डावरचं पुरुषाचं नाव पाहिलं, माझं तोंड पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "खोली शिल्लक नाही." पाठीमागे किल्ल्यांची अख्खी फळी भरलेली. मी म्हटलं, "त्या काय शोभेला टांगल्यात?" झालं! रखवालदाराने दंड पिरगाळून रस्त्यावर फेकलं. गुडघा सोलवटला. गंमत म्हणजे सकाळी याच हॉटेलच्या लॉन्ड्रीतलं बंद पडलेलं मशीन मीच चालू करून दिलं होतं. मागच्या दाराने मी चालते. जगाच्या चादरी माझ्या मशीनवर धुवायच्या, आणि त्यातल्या एका चादरीवर मी निजायचं म्हटलं की यांचं हॉटेल बाटतं!

शेवटी बाजारामागच्या लॉजमध्ये जागा मिळाली. मालकीण दांडगी, तोंडाची फटकळ. कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "घोरतेस का? भिंती पातळ आहेत माझ्या." घोरते, म्हटलं. "मग कोपऱ्यातली सात नंबर घे."

आईचा फोन आलाच. बाई म्हणून राहायला लागले तेव्हा तिने माझं नावच टाकलं होतं. गेल्या महिन्यापासून मात्र रोज संध्याकाळी फोन. "कुठं उतरलीस? खोली कितवी? कडी लावली का?" मीही शहाण्या बाळासारखी सगळं सांगते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू!

बुधवार, ५

बाजारातल्या लॉन्ड्रीत मशीनची मोटर जळालेली. दिवसभर तिच्याशी झटापट. हात काळे, कंबर मोडली.

गुरुवार, ६

नाचले! लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीने पत्ता दिला — तळघरातला बार. दारावरच्या पहिलवानाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी मुठी आवळून तयारच. तर म्हणतो, "चपला काढू नकोस, आत काचा असतात." बस्स! आत माझ्यासारख्या आणखी दोघी. घामाघूम होईस्तोवर नाचलो.

मग एका टोळभैरवाने मागून केस धरून हिसडले — खरे आहेत का बघायला. खरेच आहेत! किती वर्षं जपून वाढवलेत. मी ग्लास उचलला आणि त्याच्या कानशिलावर फोडला. पांढऱ्या कॉलरवर रक्त. पहिलवान धावला. वाटलं, आता माझी गठडी वळणार. त्याने मानगूट धरली ती त्या मवाल्याची! जिन्यावरून वर फरफटत नेला आणि रस्त्यावर टाकला.

मारताना मजा आली. इथे कोण वाचतंय! आईचा फोन मात्र आज आला नाही. विसरली असेल.

शुक्रवार, ७

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी दारावर थाप. "टॉवेल." कडी काढली. दादा!

पहिलाच ठोसा तोंडावर. दात हलला. मला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला आणि खिशातून केस कापायचं मशीन काढलं. "माझ्या पोरीचं लग्न मोडलं तुझ्यापायी! माणसात आणतो तुला, मग घरी नेतो." अर्धं डोकं साफ केलं. केस तोंडात, नाकात. याच हातांनी मला पोहायला शिकवलं होतं. मी त्याचा अंगठा दातांत धरला, हाड लागलं तरी सोडला नाही. चाचपडताना माझ्या हत्यारांच्या पेटीतला मोठा पाना हाताला लागला. त्याच्या गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. तो गुरासारखा हंबरला. मालकीण धावत आली आणि हातातली लोखंडी बादली तिने त्याच्या पाठीत हाणली. लंगडत पळाला.

"तुम्ही सांगितली त्याला खोली?" मी विचारलं. "मला विचारलंय कुणी! सरळ वर चढला मेला."

खोलीचा नंबर मी एकीलाच सांगितला होता.

शनिवार, ८

आईने विकलं मला. ती रोजची माया, ती काळजी — सगळा गळ होता, आणि मी मूर्खासारखी गिळत गेले. लॉन्ड्रीत जाऊन खोलीतली रक्ताळलेली चादर थंड पाण्यात भिजवली. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. मालकिणीने उरलेलं अर्धं डोकं भादरलं. "असं अर्धवट बरं नाही दिसत," म्हणाली आणि डोक्याला तेल चोळत बसली. मी रडले नाही. आईचा गळा दाबावासा वाटतो! लिहिलंय ते लिहिलंय. खोडणार नाही.

रविवार, ९

आईचा फोन वाजतोय. वाजू दे. मरू दे.

मंगळवार, ११

नवं शहर. टक्कल उघडं टाकून पुढच्या दाराने आत गेले. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, परत दिलं. "वरचा मजला चालेल? लिफ्ट कुरकुरते जरा." इतकंच! खोलीत जाऊन कडी लावली, पलंग दाराला लावला, आणि मग उशीत तोंड खुपसून गुरासारखी रडले.

बुधवार, १२

अनोळखी नंबर, म्हणून उचलला. आई! शेजारणीच्या फोनवरून. मी किंचाळले, "सांगू का आता कुठं आहे ते? पाठव त्याला! या खेपेला डोकंच फोडते!"

"सांगू नकोस!" तीही किंचाळली. मग हळूच म्हणाली, "माझा डावा हात मोडला गं तुझ्या दादानं, तेव्हा तोंडातून खोली निघाली. त्याच्या आधी नाही. आता उजवा तेवढा राहिलाय. मला ठाऊकच नसलेलं बरं." आणि पुन्हा तेच, "कडी तेवढी लावलीस ना?"

लावली होती. आता काढली. खाली जाऊन त्या मुलीकडून दोन पलंगांची खोली मागून घेतली. पाना पिशवीत वरच ठेवलाय. आईला आणायला निघाले.